चिंतू तारपेवाल्याची परतीची चाल

२२ ऑगस्ट १९६६, सोमवार. चिंतू लखमाने माझ्या टेबलावर चार रुपये पंचाहत्तर पैसे ठेवले आणि विचारले, "मेहताजी, रेडिओत वाजवायचं हाय. येवढ्यात व्हईल का?"

बोईसर स्टेशनाच्या पूर्वेला गवताची एक वखार आहे, तिथे मी हिशेबनीस. कॉमर्स शिकलेला आपला मुलगा गवताच्या गासड्या मोजत जन्म काढील असे माझ्या वडिलांना वाटले नसावे, पण तसे झाले, आणि येत्या मार्चअखेर मी निवृत्त होतो आहे. हिशेब लिहिणाऱ्याला इकडे मेहताजी म्हणतात. माझे खरे नाव वखारीत दोघा-तिघांनाच ठाऊक असेल.

चिंतू हा नागझरीच्या पुढच्या एका डोंगरपाड्यावरचा वारली. पावसाळ्यात आपल्या तुकड्यावर भात आणि नाचणी करायचा, आणि भात झोडून झाले की आमच्याकडे गासड्या बांधायला यायचा. अंगाने किरकोळ, वय पन्नाशीचे, गाल मात्र शरीराच्या मानाने फार मोठे आणि सैल. ते तारप्यामुळे. वाळलेल्या भोपळ्यात बांबूच्या दोन नळ्या मेणाने बसवायच्या, पुढे ताडाच्या पानाचा लांब कर्णा जोडायचा, की तारपा झाला. एकदा फुंकर घातली की ती तुटू द्यायची नसते. तोंडाने हवा सोडत असतानाच नाकाने आत घ्यायची. चिंतू तारपा स्वतः बनवायचा. जुन्या चाली सगळ्या पाड्यांच्या असतात, पण त्याच्या सात-आठ चाली त्याने स्वतः रचलेल्या होत्या आणि त्या दुसऱ्या कोणाला वाजवता येत नसत.

मी त्याला समजावून सांगितले की रेडिओवाले पैसे घेत नाहीत, उलट देतात. हे ऐकून तो खूश होईल असे मला वाटले होते. तो काळजीत पडला. आधी हातावर पैसे ठेवणारा मुकादम पुढे काय करतो हे त्याने पाहिलेले होते. आपले पैसे भरलेले असले तर काम नक्की होईल, असे त्याचे म्हणणे. शेवटी मी तीन पोस्टाची पाकिटे मागवली, त्यांचे पैसे त्याच्या रकमेतून कापले आणि बाकीचे परत दिले, तेव्हा त्याला बरे वाटले.

वखारीच्या ओटीवर शेटजींचा रेडिओ आहे. संध्याकाळी गावकऱ्यांसाठी कार्यक्रम लागतो तेव्हा कामावरची माणसे पायऱ्यांवर बसून ऐकतात. कुठल्या तरी घाटावरच्या माणसाचे संबळ एकदा त्यात वाजले. तेव्हा चिंतूने मला विचारले होते की हा आवाज कुठवर जातो. मी म्हणालो, ठाण्यात, नाशकात, गुजरातेतसुद्धा, ज्याच्याकडे रेडिओ असेल त्याच्याकडे. त्याने गुजरात हा शब्द दोनदा म्हणून घेतला.

गुजरातेत त्याचा मुलगा होता. बुधा त्याचे नाव, एकुलता एक.

तारप्याच्या नाचात माणसे एकमेकांच्या कमरेला हात घालून घेर धरतात आणि वाजवणारा मध्ये उभा राहतो. घेराच्या तोंडाशी एक जण घुंगरांची काठी जमिनीवर आपटत चालतो. तिला घोळकाठी म्हणतात. चाल बदलली की पाऊल बदलायचे, आणि ते काठीवाल्याने सगळ्यांच्या आधी ओळखायचे. चिंतूच्या रचलेल्या चालींत एक परतीची होती. ती वाजली की अख्खा घेर उलटा फिरायचा. १९६४ च्या आश्विनात काठी बुधाच्या हातात होती. तो थोडी पिऊन आला होता. परतीची चाल वाजली आणि तो तसाच पुढे गेला. मागची माणसे फिरली, पुढची फिरली नाहीत, घेर तुटला आणि चिंतूची म्हातारी आत्या खाली पडली. चिंतूने वाजवणे थांबवले, सगळ्यांच्या देखत पोराच्या हातातून काठी काढून घेतली आणि चुलतभावाच्या मुलाला दिली.

दुसऱ्या दिवशी बुधा तारापूरला गेला. तिथे वीजघराचे काम नुकतेच सुरू होत होते आणि माणसे लागत होती. जाताना आईला एवढेच म्हणाला की बापाच्या घेरात आता पाय ठेवणार नाही. पुढच्या पावसाळ्याआधी रामकिसन नावाच्या मुकादमाची टोळी गुजरातेत कुठल्याशा धरणावर गेली, तिच्याबरोबर तोही गेला. चिंतू तारापूरला दोनदा जाऊन आला. ठावठिकाणा कोणी सांगेना.

मी त्याला म्हणालो होतो की पत्ता मिळव, मी पत्र लिहून देतो. त्यावर तो म्हणाला, "पत्राला गाव लागतं, मेहताजी. याला लागत नाय." आणि रेडिओकडे बोट केले.

परतीची चाल रेडिओवर वाजली तर बुधा कुठेही असला तरी ऐकेल, आणि ऐकली की फिरेल. त्याचा एवढाच हिशेब होता. मला तो वेडेपणा वाटला नाही. ज्याच्या हाती दुसरे काही नाही त्याने आपल्या हातात आहे ते वापरावे.

मी अर्ज लिहिला. एक अट त्याने आवर्जून घालायला लावली. नवे भात येईतो त्या पाड्यावर तारपा वाजत नाही, आणि भात झोडून कणगीत गेले की तो आढ्याला टांगतात. म्हणून बोलवायचे तर आश्विनात बोलवा. मुंबईच्या रेडिओवाल्यांनी ते मान्य केले आणि दसऱ्याच्या आठवडाभर आधी आम्हाला बोलावणे आले. दोन माणसांचे भाडे खर्चून जायचे म्हणून सोमी, त्याची बायको, कुरकुरली. पण आदल्या दिवशी तारप्याचे मेण नीट बसले आहे का हे दिव्याशी धरून तिनेच पाहिले.

स्टुडिओच्या भिंतींना जाड कापड लावलेले होते आणि खाली गालिचा. तिथल्या गृहस्थांनी आधी थोडे ऐकून घेतले, त्यांना पसंत पडले, आणि म्हणाले की आता टेप करू. चिंतूला माइकसमोर एका जागी उभे केले. त्याने दोन चाली वाजवल्या आणि थांबला. परतीची चाल त्याच्याने वाजेना. फिरणारे कोणीच नाही, तर फिरवायचे कोणाला?

"मेहताजी, तुमी फिरा," तो म्हणाला.

मी धोतर आणि कोट घातलेला, त्रेपन्न वर्षांचा माणूस. काच लावलेल्या खोलीतून दोघे जण बघत होते. मी वहाणा काढल्या, हातातली छत्री काठीसारखी धरली आणि त्याच्याभोवती गालिच्यावर चालू लागलो. परतीची चाल केव्हा सुरू झाली ते मला कळले नाही. मी आपला सरळ जात राहिलो. तो वाजवतच राहिला, डोळ्यांनी मला खुणावत राहिला, शेवटी तिथल्या गृहस्थांनी हाताने खूण केली तेव्हा मी फिरलो. मग त्याने चाल आवरली. काचेपलीकडचे दोघे हसत होते. चिंतू हसत नव्हता. त्याने घाम पुसला आणि विचारले, "सगल्यांनी आयकलं?"

गृहस्थ म्हणाले की आज नाही, हे टेपवर राहील, मग वेळ मिळेल तेव्हा लावू आणि तुम्हाला आधी कळवू. आपण इथे फुंकले की त्याच क्षणी सगळीकडे वाजते, अशी चिंतूची समजूत होती.

दिवाळी गेली, गासड्यांचा हंगाम गेला. पोस्टमन वखारीत आला की चिंतू हातातले काम थांबवून माझ्याकडे पाहायचा. एप्रिलच्या शेवटी पत्र आले. १८ मे १९६७, गुरुवार, संध्याकाळच्या कार्यक्रमात.

त्या दिवशी सोमी मोहाची फुले विकायला बोईसरला आली होती आणि दोघे ओटीवर बसले होते. मी तारीख वाचून दाखवली. चिंतूने विचारले की मे म्हणजे कोणता महिना. मी म्हणालो, वैशाख. दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

मग त्याने मला ते सांगितले. दुसऱ्या पाड्यांवर काय रीत आहे मला माहीत नाही, त्यांच्या पाड्यावर ही आहे. मोसम सोडून तारपा एकाच प्रसंगी वाजतो, तारपेवाला मेला म्हणजे. तेव्हा महिना पाहायचा नाही. दुसरा कोणी त्या मेलेल्याचा तारपा घेतो, त्याच्या चाली जमतील तशा एकदा वाजवतो, आणि तारपा मेलेल्याबरोबरच जातो. वैशाखात बापाच्या चाली कानावर पडल्या तर बुधा एकच समजेल.

मी म्हणालो की मी आजच लिहितो, कार्यक्रम आश्विनापर्यंत पुढे ढकला म्हणून. ते ऐकतील. चिंतू म्हणाला, थांबा, उद्या सांगतो. सोमी त्याच्याकडे बघत होती. त्याच्या मनात काय चालले आहे ते तिला माझ्या आधी कळले असावे.

दुसऱ्या दिवशी दोघे पुन्हा आले. तो म्हणाला, "लागू द्या."

"आन माझे गल्यात मनी हात त्यांचं काय?" सोमी म्हणाली. "मी जित्या दादल्याची रांड व्हऊन बसू? मरायची येवढी हौस व्हती तं आमटी वाढतानाच सांगायचं, मी जास्त मिरची टाकली असती."

तिच्या या बोलण्यावर एरवी तो हसला असता. तो मला म्हणाला, "हाकंला नाय आला तो, मेहताजी. दोन वरसं नाय आला. मयताला येल. बापाच्या मयताला कोन चुकवत नाय."

सोमीने पाटी डोक्यावर घेतली आणि बाजाराकडे निघून गेली. मी पत्र लिहिले नाही. तो त्याचा निर्णय होता.

पाड्यावर रेडिओ नव्हता. ग्रामपंचायतीत सरकारी संच होता, पण त्याची बॅटरी वर्षभर संपलेली. रेडिओकडून मानधनाचा चेक आला होता. चिंतूचे खाते नसल्यामुळे तो मी माझ्या खात्यातून वटवून पैसे त्याला दिले. त्यातून त्याने स्टेशनसमोरच्या दुकानातून बॅटरी घेतली. काही पैसे कमी पडले, ते दुकानदाराने मोसमावर थांबायचे कबूल केले.

१८ मे रोजी संध्याकाळी मीही गेलो. पंचायतीच्या अंगणात दोन-तीन पाड्यांची माणसे आली होती. निवेदकाने चिंतूचे नाव घेतले तेव्हा पोरे ओरडली. मग तारपा सुरू झाला आणि अंगण गप्प झाले. काही म्हातारी माणसे उठून बाहेर गेली. जे राहिले त्यांतल्या पुरुषांनी डोक्याची फडकी काढून मांडीवर ठेवली, मयताला ठेवतात तशी. चिंतू त्यांच्यातच बसला होता. त्यानेही काढले. सोमी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

परतीची चाल आली आणि बराच वेळ वाजत राहिली. कोणी नाचत नव्हते. पण बसल्या जागी माणसांचे पाय एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वळले, ते मी पाहिले.

दुसऱ्या दिवसापासून चिंतूच्या घरी एका माणसाचा जास्तीचा भात शिजू लागला. ही गोष्ट मला त्याच्या चुलतभावाने सांगितली. म्हणाला, भाऊ वेडा झाला आहे, सकाळी उठून रस्त्याच्या वळणावर बसतो. तिकडून यायला दोन दिवस लागतील, सुट्टी मिळायला दोन, असा तो हिशेब करायचा. रोज हिशेबात एखादी अडचण वाढवायचा. पावसाला सुरुवात झाली तेव्हा म्हणाला, नदीला पाणी असेल. भाताची आवणी झाली, नवे भात आले. तारपा आढ्यालाच राहिला. पाड्यावरची पोरे बोलवायला आली तर म्हणाला, छाती दुखते.

नोव्हेंबरात तो वखारीत गासड्या बांधायला आला. महिनाअखेरीस एक दिवस दुपारी नगरकडचा एक गवंडी आला. पंढरी त्याचे नाव. धरणावरचे काम सोडून तारापूरला कामाला लागायला चालला होता. त्याच्या काखेत कागदात बांधलेले लुगडे होते. त्याने मला विचारले, "साहेब, चिंतू तारपेवाल्याचं घर कुठं आलं? वैशाखात वारला ना, त्याचं."

चिंतू हातभर अंतरावर गासडीची दोरी ओढत होता. मी तोंड उघडणार, एवढ्यात त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला. त्या हाताला गवताचा वास येत होता आणि तो अगदी स्थिर होता.

"मी त्याचा भाव हाय," तो पंढरीला म्हणाला. "मना सांगा."

पंढरी पायरीवर बसला आणि सांगू लागला. बुधा आणि तो एका टोळीत होते. एका संध्याकाळी चहाच्या टपरीवर रेडिओ चालू होता. बुधाने कप तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. चहावाला स्टेशन बदलायला गेला तर त्याचा हात धरला. सगळे संपल्यावर म्हणाला, माझा बाप गेला. बाकीचे म्हणाले, अरे, नाव तर वाजवणाऱ्याचे सांगितले. तो म्हणाला, नाव बापाचेच सांगणार, तारपा त्याचा आहे. पण वाजवले दुसऱ्याने. परतीची चाल बाप दोन फेऱ्यांत आवरायचा, एवढा वेळ तो कोणासाठी थांबत नव्हता.

मी दौतीचे झाकण लावले. दौत उघडी नव्हतीच.

"मग?" चिंतूने विचारले.

"मग नदीवर गेला. डोकं केलं, केस उतरवले. पगार झाल्यावर आम्हां पाच जणांना जेवू घातलं. कोंबडं कापलं होतं."

"रडला?"

"माझ्यासमोर नाही. पण बरेच दिवस कुणाशी भांडला नाही. आधी फार भांडायचा."

"घरा नाय आला तो."

पंढरीने मान खाली घातली. "मी म्हटलं होतं, जा म्हणून. तो म्हणाला, काठी घ्यायला बोलावील म्हणून वाट बघत होतो. बोलावणारा गेला. आता तिकडे कोणाच्या घेरात जाऊ? आईला म्हणावं मामाकडे राहा. हे लुगडं तिला."

चिंतूने लुगडे घेतले. पंढरीला पाणी दिले, मला सांगून चहा मागवला, रात्र इथेच काढा म्हणाला. पंढरी थांबला नाही; त्याला उजेडात तारापूर गाठायचे होते. तो जाताना चिंतू फाटकापर्यंत गेला आणि विचारले की पोर अंगाने भरला आहे का. पंढरी म्हणाला, हो, भरला आहे.

मी कागद पुढे ओढून ठेवला होता. आता पंढरीकडून टोळीचा पत्ता मिळाला होता. चार ओळी पुरल्या असत्या. चिंतूने कागदावर हात ठेवला.

"नको, मेहताजी."

मी म्हणालो की अरे, तू जिवंत आहेस, कळल्यावर तो धावत येईल.

"एकदा त्याचे हातातली काठी काढून घेतली," तो म्हणाला. "डोकं केलं त्यानं, पाच मानसं जेवू घातली. आता त्याचं सुतक पन काढून घेऊ?"

तो पुन्हा दोरी ओढायला गेला. त्या दिवसाच्या त्याच्या गासड्या नेहमीएवढ्याच भरल्या.

लुगडे त्याने सोमीला दिले. तिने काही विचारले नाही असे तो म्हणाला, पण दोन दिवसांनी ती एकटी माझ्याकडे आली आणि म्हणाली, त्याला नको आहे, मला हवा आहे, पत्ता द्या. मी तो मोठ्या अक्षरांत लिहून दिला, गाड्या कुठे बदलायच्या ते सांगितले. ती गेली. टोळी पंढरीच्या मागोमाग तिथून हलली होती. कोणी म्हणाले सौराष्ट्रात, कोणी म्हणाले पार राजस्थानात. ती आठव्या दिवशी परत आली.

पुढच्या आश्विनात पाड्यावर दुसऱ्या पाड्याचा तारपेवाला बोलावला. चिंतूला लोकांनी छेडले, तेव्हा तो म्हणाला की मेलेला माणूस तारपा वाजवत नाही. त्यांना ती थट्टा वाटली.

१९६९ च्या माघात त्याला ताप आला आणि चौथ्या दिवशी तो गेला. मी पाड्यावर पोहोचलो तेव्हा मंडळी अंगणात बसली होती आणि बोलणे तारप्याचेच चालले होते. शेजारच्या पाड्याचा तारपेवाला येऊन बसलेला होता. पण जुनी माणसे म्हणाली, याचा वाजून झाला आहे, वैशाखात, सगळ्यांनी फडकी काढून ऐकला आहे. एकाच माणसाचा दोनदा वाजत नाही. मग कोणी वाजवला नाही. सोमीने आढ्यावरून तारपा काढला, त्याच्यावरची धूळ पदराने पुसली आणि चिंतूजवळ ठेवला. डोके करायला मुलगा नव्हता. चुलतभाऊ पुढे झाला, तर तिनेच त्याला थांबवले. म्हणाली, त्याच्या पोराने केले आहे.

सोमी भावाकडे गेली नाही. पाड्यावरच राहते, यंदा तिने नाचणी केली. ती टेप मुंबईला असेल. पुन्हा लागली का, मला कळलेले नाही. बुधाचा पत्ता नाही.

स्टेशनसमोरच्या दुकानात बॅटरीचे तीन रुपये पन्नास पैसे चिंतू लखमाच्या नावावर अजून बाकी आहेत.